सुतकाचा रकाना

"मॅडम, तुमाला सुतक कुणाकुणाचं लागतं?"

बिरू हवालदार माझ्याशी बोलले ते पहिलं वाक्य हे. नाव विचारलं नव्हतं, गाव विचारलं नव्हतं. सांगलीत पिठाच्या गिरणीवर आमच्या गटाची खोली होती. खाली गिरणी चालू असल्यामुळं टेबल थरथरत होतं, आणि समोर हा साठीचा, पांढऱ्या मिशांचा, कडक इस्त्रीच्या बुशशर्टातला माणूस कानाला पेन्सिल अडकवून, हातात छोटी डायरी धरून उत्तराची वाट बघत बसला होता.

मी पत्रकांवर वाढलेली मुलगी. आईवडील चळवळीतले, घरात देव्हाऱ्याच्या जागी पत्रकांचे गठ्ठे. माझं नाव समता. आडनाव मी लावत नाही. पुढं आईचं नाव, मग वडिलांचं. जात विचारणारा माणूस कसा ओळखायचा हे मला शाळेत घालायच्या आधी शिकवलं होतं. तो सरळ कधीच विचारत नाही. आधी आडनाव, मग गाव, मग गावात घर कुठल्या बाजूला. सुतकावरून हात घालणारा मात्र मला पहिल्यांदाच भेटत होता.

"मी सुतक पाळत नाही," मी म्हणाले.

"पाळत न्हाई ते ऱ्हाऊ द्या. लागतं कुणाचं?"

"कुणाचंच नाही."

"आईकडनं?"

"नाही."

"वडलांकडनं?"

"नाही म्हटलं ना."

त्यांनी माझ्याकडं जरुरीपेक्षा जास्त वेळ बघितलं, डायरीत काहीतरी एकच अक्षर लिहिलं, डायरी वरच्या खिशात घातली आणि खिशाचं बटण लावलं. खिशाला बटण लावणाऱ्या माणसाचा मला संशय येतो. त्या दिवशी आला, तो पुढं वर्षभर टिकला.

हा माणूस आमच्याकडं का आला होता, ते सांगते. साताऱ्याच्या आणि सांगलीच्या दुष्काळी पूर्वेला आता कालवे गेले आहेत. कालव्याला चाऱ्या फुटतात, आणि चारीच्या अगदी टोकाला जे गाव असतं त्याला टेलचं गाव म्हणतात. पाण्याची पाळी सुटली की कचेरीतल्या नोंदवहीत पाणी टेलपर्यंत पोचलेलं असतं. गावातल्या चारीत मात्र शेळ्या बसलेल्या असतात. नोंदवही खरी की शेळ्या खऱ्या, हे दाखवायला पुरावा लागतो. तो पुरावा गोळा करणारे आम्ही आठनऊ जण. गावोगावच्या बाया रोज चारीच्या शेवटच्या दारापाशी जाऊन मोबाइलवर फोटो काढायच्या आणि आम्हाला पाठवायच्या.

पहिल्या वर्षी हे सगळे फोटो एकाच कॉम्प्युटरवर होते. तो बिघडला. बिघडला की कुणी बिघडवला, यावर आमच्यात अजूनही दोन तट आहेत. त्यानंतर कुणीतरी हवालदारांना आणलं.

म्हसवडजवळच्या एका वाडीचे. पिढीजात मेंढपाळ घर. भाऊ अजून मेंढरं घेऊन फिरायचे. हे फौजेत गेले, सिग्नलमध्ये, आणि तिथं तारा, यंत्रं, कॉम्प्युटर असं सगळं शिकून हवालदार होऊन परत आले. एका कॉलेजनं भंगारात काढलेले पाच कॉम्प्युटर त्यांनी मिळवले, हातानं दुरुस्त केले आणि पाच गावांत पाच घरी ठेवले. साताऱ्याला एका निवृत्त चित्रकला शिक्षकांकडं, औंधला एका शिंप्याकडं, म्हसवडला ओळखीच्या एका घरी, तासगावला एका बागायतदाराच्या बेदाण्याच्या शेडमध्ये आणि सांगलीत एका नर्सबाईंकडं. पाचही यंत्रं इंटरनेटनं एकमेकांशी जोडलेली. अशा जोडणीला पुस्तकात क्लस्टर म्हणतात. हवालदार 'खांड' म्हणत. मेंढरांच्या कळपाला त्यांच्याकडं खांड म्हणतात. "औंधचं मेंढरू लंगडतंय," असा त्यांचा फोन आला की समजायचं, तिथली डिस्क कुरकुरतेय.

सकाळी सहाला ते पाची यंत्रांची हजेरी घ्यायचे. ती यंत्रं आपणहून उत्तर द्यायची, पण तेवढ्यानं यांचं भागायचं नाही. मग घरमालकाला फोन. "दिवा हिरवा हाय का? तुमी सोता बघितला का पोरानं सांगितला?" औंधचा शिंपी एकदा सगळ्यांसमोर म्हणाला, "आवं हवालदार, बायकोला कळा सुरू झाल्या तवाबी तुमचा फोन आधी आला, डॉक्टरचा मागनं." हवालदार हसले नाहीत. म्हणाले, "आणि दिवा कुठला होता?"

स्वतःला फोन आला तर ते हॅलो म्हणायचे नाहीत. नाव समोर दिसत असलं तरी "कोण?" कुलूप लावून झालं की तीनदा ओढून बघायचे, मग चार पावलं जाऊन परत येऊन चौथ्यांदा. एसटीत ड्रायव्हरच्या मागं बसायचे नाहीत आणि दारापाशीही नाही. चहा आधी दुसऱ्यानं प्यायचा, मग त्यांनी. मला वाटायचं, एवढा संशय घेणारा माणूस स्वतः काय करत असेल!

एक गोष्ट मात्र त्यांनी अशी समजावून सांगितली की मला ती आवडू नये असं फार वाटूनही आवडली. टेलच्या गावात देवळासमोर आमची बैठक होती. फोटो काढणाऱ्या बायांत सगळ्यांत पुढं अनसाबाई, सत्तरीच्या, हातात नातवाचा जुना मोबाइल. त्यांनी विचारलं, "माझा फोटू ह्या पाचांतल्या कुठल्या डबड्यात जातो?"

हवालदारांनी पाच माणसं गोल बसवली. प्रत्येकाला एकेका गावाचं नाव दिलं: सातारा, औंध, म्हसवड, तासगाव, सांगली. मग म्हणाले, "आज्जी, फोटूला एक नाव असतंय. समजा नावात सात अक्षरं हायती. साताऱ्यापासनं सात मोजा, गोल."

अनसाबाईंनी काठीनं एकेकाच्या डोक्याकडं दाखवत मोजलं. सातवा औंध निघाला.

"औंधानं पहिली प्रत घ्यायची. पुढच्या दोघांनी, म्हंजे म्हसवडानं आणि तासगावानं, एकेक. झाल्या तीन. एक मेलं तरी दोन हायती. दुसरं मेलं तरी एक हाय."

यंत्रातलं खरं गणित याहून किचकट आहे, पण बेत हाच. प्रत्येक फोटो स्वतःच्या नावावरूनच आपली जागा सांगतो.

"आणि कुणाकडं काय ठिवलंय ह्याची वही?" अनसाबाईंनी विचारलं.

"वही न्हाई."

"वहीबिगर कसं?"

"वही ज्याच्याकडं, त्यालाच दाबत्यात. वही जाळत्यात. मोजायचा नियम पाची जणांना ठावं असला की वही लागत न्हाई. कुणालाबी इचारा, तो मोजून सांगंल."

एवढं कुठल्याही पत्रकात मोठ्या टायपात छापावं असं होतं. ना मुख्य कचेरी, ना साहेब, ना वही. मी ते लिहून घेतलं आणि स्वतःवरच रागावले.

"आणि तिघांत भांडाण झालं तर?" मागून एकजण म्हणाला. "एक म्हणतंय पाणी हुतं, दुसरं म्हणतंय न्हवतं?"

"एक म्हणाला तर अफवा," हवालदार म्हणाले. "दोन जुळलं तर खरं धरायचं. दोन जुळल्याबिगर ह्या खांडातनं एकबी फोटू बाहेर जाणार न्हाई. आणि तिनी एका झटक्यात जुळलं, की मी सोता जाऊन बघणार. तिघांचं एकमत आपल्या भागात कवा झालंय?"

देवळासमोर हशा झाला. हवालदार गंभीर होते.

त्याच बैठकीत त्यांनी आणखी एक नियम घातला. मोबाइलवरची तारीख कुणीही मागंपुढं करू शकतो. म्हणून फोटोत सकाळच्या एसटीचं तिकीट धरायचं. तिकिटावर तारीख असते, वेळ असते, आणि ते आपल्याला छापता येत नाही. तेव्हापासून अनसाबाई रोज फाट्यावर उभ्या राहायच्या आणि उतरणाऱ्या माणसाकडं तिकीट मागायच्या. कंडक्टरला वाटायचं, म्हातारी तिकिटं जमवते.

आता डायरीचं. एकदा ते खोलीत डायरी टेबलावर ठेवून हात धुवायला गेले. उघड्या पानावर नावं होती, आणि प्रत्येक नावापुढं आकडा. सातारा, शिक्षक, ३१. औंध, शिंपी, १४. तासगाव, पाटील तात्या, २२. सगळ्यांत खाली: समता, सांगली. पुढं शून्य.

मला ते शून्य फार लागलं. कसलं, हे तेव्हा कळलं नाही. पण एक माणूस आम्हा सगळ्यांना सुतकावरून मोजतोय आणि त्याच्या मापात मी शून्य भरते, एवढं पुरेसं होतं. त्याच आठवड्यात मला दुसरी गोष्ट समजली. हवालदारांचा सख्खा पुतण्या कालव्यावर पाटकरी होता. म्हणजे ज्या कचेरीच्या नोंदवहीविरुद्ध आम्ही पुरावा गोळा करत होतो, तिच्यासाठी चारीची दारं उघडणारा आणि बंद करणारा माणूस. हे त्यांनी आम्हाला कधी सांगितलं नव्हतं. मी मनात गाठ मारून ठेवली.

यंत्र घरी ठेवणाऱ्याकडून एक फॉर्म भरून घ्यायचा असायचा. तो हवालदारांनी हातानं बनवलेला. नाव, आडनाव, मूळ गाव, लाइट कुठल्या डीपीवरून येते, इंटरनेट कुणाचं, घराला कुलूप कवा लागतं. आणि शेवटचा रकाना, सुतक कुणाकुणाचं. फॉर्म नीट टाइप करायचं काम माझ्याकडं आलं. मी लाल पेन घेतलं आणि आडनाव, मूळ गाव, सुतक हे तीन रकाने उडवले. आणि गुपचूप नाही, बैठकीत उभी राहून उडवले. आपण कोण, कशासाठी लढतोय, आपल्या कागदावर हे असले रकाने असतील तर आपल्यात आणि त्यांच्यात फरक काय, असं मी बरंच बोलले. चांगलं बोलले.

हवालदार म्हणाले, "मॅडम, एका सुतकातली दोन घरं गोलात शेजारी नकोत. एका भावकीत दोन प्रती ठेवायच्या न्हाईत."

"हवालदार, कॉम्प्युटरला सुतक लागत नाही!"

लोकांनी टाळ्या वाजवल्या.

"कॉम्प्युटरला न्हाई लागत," ते म्हणाले. "कुलपाला लागतं."

टाळ्यांत ते कुणी ऐकलं नाही. मी ऐकलं, आणि सोडून दिलं. मतं पडली: सात विरुद्ध दोन. हवालदारांनी खिशाचं बटण लावलं. "बहुमत झालं. मशीनबी असंच चालतं. मला मान्य." आणि खरोखरच त्या दिवसानंतर त्यांनी कुणालाही तो प्रश्न विचारला नाही. मला तर याचाही संशय आला. इतक्या सहज कोण हरतं?

महिनाभरात म्हसवडचं घर बदलावं लागलं. तिथल्या माणसाचं कुटुंब पुण्याला निघालं. नवं घर मी शोधलं: पोपटराव माने, एसटीच्या डेपोत मेकॅनिक, सरळ माणूस. नव्या फॉर्मवर त्यांनी सही केली. नवा फॉर्म सुटसुटीत आणि स्वच्छ होता, मला त्याचा अभिमान वाटला.

मग उन्हाळ्याच्या पाळीवर सुनावणी लागली. शुक्रवारी अकराला, सांगलीत. पाळी वीस दिवसांची होती आणि कचेरीचं म्हणणं होतं की सहाव्या दिवशी पाणी टेलला पोचलं. एकदा पोचलं की पाळी दिली असं धरतात. म्हणजे सगळं त्या एका दिवसावर आलं होतं. ते खोटं ठरलं नाही तर टेलच्या गावाला पुढच्या पाळीतही काही सांगता येणार नव्हतं. अनसाबाई सहाव्या दिवशीही चारीवर गेल्या होत्या, फोटो काढला होता, पाठवला होता.

बुधवारी दुपारी मी फोटो छापायला बसले. विसांतले सोळा आले, त्यांतल्या काहींची दुसरी प्रत जुळायची बाकी होती. चार आले नाहीत. न आलेल्यांत सहावा दिवस होता.

अनसाबाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, "माझ्याकडं कशाला ठिवू गं? मोबाइल भरतोय, मी पाठवला की काढून टाकते. तुमीच म्हणालासा न्हवं, तीन ठिकाणी हाय म्हून?"

तेवढ्यात हवालदार जिना चढून आले. सकाळच्या हजेरीला तासगाव आणि म्हसवड दोन्ही गैरहजर होते, म्हणून ते मिळेल त्या गाडीनं निघाले होते. औंधची डिस्क सोमवारी बदलली होती. ती शेजारच्या दोन यंत्रांकडून हळूहळू परत भरून घेत होती, आणि अर्ध्यातच शेजारी बंद पडले. ज्या फोटोंच्या तिन्ही प्रती औंध, म्हसवड आणि तासगाव या सलग तिघांकडं होत्या, ते चार फोटो आता कुणाकडंच मागता येत नव्हते.

मी उभी राहिले. वर्षभराची गाठ सुटली.

"बरोबर सहाव्याच दिवसाचा फोटो जातो? हवालदार, तुमचा पुतण्या पाटकरी आहे. तुम्ही आम्हाला सांगितलं नाहीत."



"व्हय, हाय," ते म्हणाले. "म्हणून तर माझ्या घरी मशीन न्हाई."

पाच घरं शोधायला तालुके पालथे घालणाऱ्या या माणसानं स्वतःच्या घरी यंत्र का ठेवलं नाही, हे आमच्यापैकी एकानंही कधी विचारलं नव्हतं.

"तासगावला फोन लावा," ते म्हणाले. "स्पीकरवर टाका."

पाटील तात्यांनी दबक्या आवाजात फोन घेतला. "मॅडम, मी सुतकात हाय. चुलतं वारलं. उद्या दहावा, म्हणून काल सगळी आमच्या मूळ वाडीला आलोय. तेराव्यापातूर शेड बंद. मेन स्विच पाडून आलोय."

मी पोपटरावांचा फोन लागत नाही म्हणाले.

"पोपट हितंच हाय की, माझ्या शेजारी बसलाय. आमचाच की त्यो."

"तुमचा? ते माने आणि तुम्ही पाटील..."

"आवं, आमीबी मानेच! पणज्याकडं वाडीची पाटीलकी हुती, म्हणून आमच्या घरानं पाटील लिवलं. भावकी एकच. बावीस घरं हायती, समद्यांस्नी कुलपं, समद्यांचं मेन स्विच खाली."

बावीस. डायरीतल्या आकड्याचा अर्थ मला तेव्हा कळला. एक माणूस मेला की किती घरांना कुलूप लागतं, एवढंच त्या डायरीत होतं. मी उडवलेले तीन रकाने फॉर्मवर असते तर पोपटरावांनी मूळ गाव लिहिलं असतं, भावकी लिहिली असती, आणि हवालदारांनी ते यंत्र तिथं ठेवू दिलं नसतं.

तात्यांना त्यांनी एवढंच विचारलं, "चावी?"

"करदोट्याला हाय."

वाडीला जाणारी शेवटची गाडी निघून गेली होती. गुरुवारी पहाटेच्या एसटीनं आम्ही निघालो. ओढ्याच्या काठी दहाव्याला शेदीडशे माणसं होती. पिंड मांडलेला होता आणि सगळे कावळ्याची वाट बघत होते. हवालदारांनी टोपी काढली आणि माणसांत जाऊन मान खाली घालून बसले. तात्या चार हातांवर होते. करदोट्याची चावी धोतरातून दिसत होती.

"मागा ना," मी पुटपुटले.

"गप बसा. मी दुःखाला आलोय."

कावळे बाभळीवर होते, खाली उतरत नव्हते. एकानं सांगितलं, म्हाताऱ्याची इच्छा बैलात असंल. कुणीतरी पिंडाला हात जोडून बैल विकणार नाही म्हणालं. कावळे हलले नाहीत. दहा वाजले. अकरा वाजले. अंधश्रद्धेविरुद्धची पत्रकं मी चौकाचौकात वाटलेली आहेत. त्या सकाळी त्या दीडशे माणसांत माझ्याइतक्या आशेनं कावळ्याकडं कुणीच बघत नसेल.

कावळा आला नाही. शेवटी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला आणि माणसं उठली. तात्या आपणहून हवालदारांपाशी आले. "चावीसाठी आलाईसा न्हवं? मग बोलला का न्हाई?"

"चावीचं तुमी काढलंसा. मी काढलं न्हाई."

तात्यांनी करदोटा सोडून चावी दिली. पोपटरावांनी त्यांची दिली. मी तासगावची चावी घेतली, हवालदार म्हसवडच्या चावीसह उलट्या दिशेच्या टेम्पोत बसले. जाताना म्हणाले, "सापडला तरी छापायचा न्हाई. माझा फोन येऊ द्या."

तीन वाजता मी बेदाण्याच्या शेडमध्ये मेन स्विच वर केला. आंबटगोड वासाच्या त्या अंधाऱ्या खोलीत पंखा फिरला, दिवा आधी लाल, मग हिरवा. सहावा दिवस तिथं होता. कोरडी चारी, भेगा, कडेला एक शेळी, आणि अनसाबाईंच्या अंगठ्याखाली एसटीचं तिकीट. मी आनंदानं फोन केला.

"मिळाला!"

"एकजण म्हणतोय," ते म्हणाले. "हितं लाइट न्हाई. थांबा."

साडेसहापर्यंत मी एका रिकाम्या क्रेटवर बसून राहिले. मग त्यांचा फोन आला. प्रत्येक फोटोला यंत्र आकड्या-अक्षरांचा एक लांब ठसा देतं. फोटोतला एक ठिपका बदलला तरी ठसा पार बदलतो. हवालदारांनी म्हसवडचा ठसा सिग्नलमधल्यासारखा एकेक अक्षर वाचला आणि मी तासगावचा पडताळला. मध्येच "रिपीट करा, मॅडम." चौसष्ट अक्षरं. शेवटचंही जुळलं.

"आता छापा," ते म्हणाले.

शुक्रवारी सुनावणी घेणाऱ्या साहेबांनी फोटो उलटसुलट बघितला. "हा तुम्ही काल तयार केला नसेल कशावरून?"

अनसाबाई उभ्या राहिल्या. "सायेब, फोटू माझा हाय, तिकीट तर सरकारचं हाय न्हवं? त्याच्यावर तरी इस्वास ठिवा."

मग हवालदारांनी दोन वेगळ्या तालुक्यांतून छापलेल्या दोन प्रती ठेवल्या आणि खालचे ठसे पडताळायला सांगितले. साहेबांनी पेन्सिलीनं एकेक अक्षर टिपलं. निकाल फार मोठा लागला नाही. गेलेलं पाणी परत मिळालं नाही. पण सहाव्या दिवसाची नोंद संशयास्पद ठरली, आणि पुढच्या पाळीपासून टेलच्या दारावर गावकऱ्यांच्या सह्यांनी पंचनामा करायचा, असा हुकूम निघाला. संशयास्पद हा शब्द हवालदारांनी हुकुमातून दोनदा वाचून घेतला. त्यांना तो आवडला असावा.

खाली चहाच्या गाड्यावर मी म्हणाले, "मी तुमच्यावर संशय घेतला."

"घ्यायलाच पायजे. वरीसभर मनात ठिवलासा त्ये चुकलं. तवाच इचारायचं हुतं."

पुढच्या बैठकीत मी तो रकाना परत घातला. आडनाव नाही, सुतक नाही. मी लिहिलं: 'कोणाच्या मरणानं तुमच्या घराला कुलूप लागतं? ती घरं कोणती?' हवालदारांनी चष्मा लावून वाचलं. "हे बराबर. ह्यात देव न्हाई, जात न्हाई. कुलूपच हाय निसतं." मतं पडली, नऊ विरुद्ध शून्य. एवढं एकमत झालेलं बघून ते अस्वस्थ झाले आणि म्हणाले, परत एकदा मतं घ्या.

त्यानंतर काही महिन्यांनी, एका रविवारी दुपारी, ते सांगलीत आमच्या दारात उभे होते. काखेत काळ्या घोंगडीत गुंडाळलेलं काहीतरी. आईनं पाणी दिलं. वडील पाणी प्यायल्यावर ते प्यायले.

"सहावं मशीन," ते मला म्हणाले. "हितं ठेवायचं."

"आमच्याकडं?"

त्यांनी खिशाचं बटण काढलं आणि डायरीतलं ते पान माझ्यासमोर धरलं. समता, सांगली, शून्य.

"सगळ्या खांडात असं घर न्हाई. कुणीबी मरू दे, ह्या घराला कुलूप लागत न्हाई. मी पहिल्या दिवशीच लिवलं हुतं. तू चिडलीस म्हणून थांबलो."

मला ते पहिल्यांदाच 'तू' म्हणाले. आईवडिलांच्या जातीबाहेरच्या लग्नानंतर दोन्हीकडच्या घरांनी दारं लावून घेतली, ती कायमची. आजी वारली ते आम्हाला महिन्यानं कळलं, बाजारात, एका भाजीवालीकडून. माझ्या लहानपणी आमच्या घरी कुणी येत नसे आणि आम्हाला कुठं जायचं नसे. त्या शून्याचा कुणाला कधी उपयोग होईल, असं आमच्या घरात कुणाला वाटलं नव्हतं.

आईनं पत्रकांच्या गठ्ठ्यांशेजारी जागा केली. यंत्र बसवून, हजेरी घेऊन, हवालदार जिन्याखाली मीटर बघायला गेले. वरून मी बघत होते. त्यांनी मीटरचं झाकण ओढून बघितलं, शेजाऱ्याची तार कुठून येते ते बोटानं शोधत गेले, चार पावलं चालले, परत आले, पुन्हा झाकण ओढलं. मग वर न बघता कोपऱ्यावरून वळले. घोंगडी आमच्याकडंच राहिली. मी त्यांना शेवटचं बघितलं ते तेव्हा.

ते गेल्याचा फोन औंधच्या शिंप्यानं केला. सकाळची हजेरी तेव्हापासून मी घेऊ लागले. त्या दिवशी सहाही यंत्रं हजर होती, दुसऱ्या दिवशी, तिसऱ्या दिवशीही. हवालदारांच्या मरणानं ज्या ज्या घरांना कुलूप लागणार होतं, त्यातल्या एकाही घरात त्यांनी यंत्र ठेवलेलं नव्हतं.

दहाव्याला हवालदारांच्या वाडीला जायचं ठरलं तेव्हा वाटलं होतं, एकटीच जाईन. सकाळी बघते तर आई साडी नेसून तयार, वडील चपला घालून दारात. आम्ही तिघं बाहेर आलो. आई म्हणाली, कुलूप कुठं आहे? ते शोधायलाच वेळ लागला. वडिलांनी कुलूप लावून तीनदा ओढलं. मी जिन्याखाली जाऊन मेन स्विच चालू आहे ना ते बघितलं, चार पावलं गेले, आणि परत येऊन पुन्हा एकदा बघितलं.